क्रूस म्हणजे ताईत नव्हे

'गळ्यातला क्रूस म्हणजे शेवटी ताईतच ना?' हा प्रश्न बरेच जण विचारतात, आमच्या घरातही निघतो, म्हणून थोडं सांगतो. आम्ही वांद्र्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे कॅथलिक ख्रिस्ती, घरात मराठीच.

आईच्या गळ्यात स्कॅप्युलर असतं. दोऱ्याला तपकिरी कापडाचे दोन छोटे तुकडे, एक छातीवर, एक पाठीवर. मूळ ते कार्मेलाइट या कॅथलिक संघाच्या संन्याशांच्या झग्यावरचं वस्त्र. त्याचंच हे प्रापंचिकांसाठीचं छोटं रूप. घालणाऱ्याने प्रार्थनेचा नेम पाळायचा, येशूची आई मारिया, तिच्या आश्रयाला राहायचं. नुसतं घालून संकट टळतं असं चर्च शिकवत नाही. (आई मात्र परीक्षेच्या दिवशी माझ्याही गळ्यात अडकवायची, ते सोडा.)

क्रुसातही फरक आहे. कॅथलिकांच्या क्रुसावर बहुधा खिळलेला येशू असतो, प्रोटेस्टंटांचा बहुधा रिकामा: येशू मरणातून उठला, ही खूण. काही पेंटेकोस्टल (प्रोटेस्टंटांतलाच एक प्रवाह) मंडळी तर दागिनाच घालत नाहीत, त्यांची श्रद्धा काही कमी नसते.

मला स्वतःला सगळ्यात जवळची खूण वर्षातून एकदाच मिळते. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादर कपाळावर राखेचा क्रूस काढतात. ती राख बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जाळून केलेली. 'तू माती आहेस, मातीलाच मिळशील', या अर्थाचे शब्द. मग तसंच ८:१२ची चर्चगेट लोकल पकडायची. दरवर्षी कुणीतरी भला माणूस सांगतोच, 'भाऊ, कपाळाला काहीतरी लागलंय.' आता मी नुसतं 'हो' म्हणतो.