अमेरिकन गाडीवाल्यांनी परक्यांशी भागीदारी करावी का? (गालिचांना उत्तर, जरा लांबलंय)

नोव्हीकर
काल 'उडता गालिचा' यांनी गाड्यांच्या धाग्यावर एक पिंक टाकली. मथितार्थ असा: फोर्डचे प्रमुख जिम फार्ली २०२४ मध्ये स्वतःच म्हणाले की सहा महिने चिनी शाओमी कंपनीची एसयू७ ही इलेक्ट्रिक गाडी चालवतोय, आता सोडवत नाही. तेव्हा डेट्रॉइटवाल्यांनी, म्हणजे अमेरिकन गाडी कंपन्यांनी, ताठा सोडून चिन्यांचा हात धरावा, नाहीतर जन्मभर पिकअप विकत बसावं. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. मी इथे मिशिगनमध्ये सप्लायरकडे नोकरी करतो. वरचे साहेब हात मिळवतात तेव्हा ड्रॉइंग बदलतात आमची, म्हणून गप्प बसवेना.

जरा मागचं बघा. २००० साली जीएमने (जनरल मोटर्सने) इटलीच्या फियाटच्या मोटार कंपनीतला २० टक्के हिस्सा घेतला. करारात एक कलम होतं, फियाटने म्हटलं तर उरलेली कंपनीही जीएमने विकत घ्यायची. फियाट गाळात गेली आणि ते कलम जीएमच्या गळ्याशी आलं. २००५ मध्ये त्यातून सुटायला सुमारे दोन अब्ज डॉलर मोजले. धड न नांदताच पोटगी! जर्मन डाइमलर आणि अमेरिकन क्रायस्लरची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. १९९८ मध्ये 'बरोबरीच्यांचं' विलीनीकरण म्हणून ढोल वाजले, २००७ मध्ये जर्मनांनी ८० टक्के हिस्सा सेर्बेरस या गुंतवणूक कंपनीच्या गळ्यात मारून अंग काढून घेतलं.

आणि न्यूमी, जीएम-टोयोटाचा भागीदारीतला कारखाना. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला, जीएमच्याच जुन्या कारखान्यात १९८४ पासून टोयोटा गाड्या कशा बनवते ते जीएमला शेजारी बसून बघायला मिळालं. पंचवीस वर्षं! मॅनेजर तिथे जायचे, भारावून परत यायचे, आणि आपल्या कारखान्यात आले की तिथला वरिष्ठ सांगायचा, काहीही झालं तरी लाइन थांबता कामा नये. २००९ मध्ये दिवाळं. शिकायचंच नसेल तर भागीदार काय ओवाळायला हवाय?

उडता गालिचा
नोव्हीकर, माझ्या चार ओळींवर तुम्ही प्रबंध लिहिलात, धन्य झालो. न्यूमीचं उदाहरण दिल्याबद्दल तर विशेष आभार, माझं काम सोपं केलंत.

तोच फ्रीमाँटचा कारखाना जीएमने १९८२ मध्ये बंद केला तेव्हा त्याची कीर्ती काय होती? दांड्या, कामाच्या जागी दारू, रोजची भांडणं. टोयोटाने बहुतेक तीच माणसं परत घेतली, तीच युनियन ठेवली, आणि दोष दिसला की दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क साध्या कामगाराला दिला. थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात जीएमच्या उत्तम कारखान्यांच्या पंक्तीला बसल्या. शिकवलेलं दुसरीकडे नेलं नाही हा दोष जीएमचा. भागीदारीने आपलं काम चोख केलं होतं.

क्रायस्लरची दुसरी सोयरीक मात्र सोयीस्करपणे गाळलीत. २००९ मध्ये फियाटने पहिल्या २० टक्क्यांसाठी रोख एक छदामही दिला नाही, दिलं ते तंत्रज्ञान आणि छोट्या गाड्यांचे प्लॅटफॉर्म. क्रायस्लर जगली की नाही? तिची जीप आज रस्त्यावर दिसते की नाही?

पेंटशॉप_शिरूर
जीपचं नाव निघालं म्हणून बोलतो. रांजणगावला २०१७ मध्ये कंपास चालू झाली तेव्हा मी तिथंच कामाला होतो. कारखाना फियाट आणि टाटाचा निम्मा-निम्मा, बिल्ला अमेरिकेचा, साहेब इटलीचा, कामगार शिरूर-पारनेरचा. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या आपल्याकडनं बाहेर देशात जायच्या. आता गंमत ऐका. तिथंच बनणारं दोन लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन टाटाच्या हॅरियरमध्ये बसलं, आणि एमजी हेक्टरमध्येबी बसलं. एमजीची मालक तेव्हा चिनी कंपनी साइक, आणि हेक्टर बनायची ती हलोलच्या कारखान्यात, जो आधी जीएमचा होता! आता सांगा, यात परका कोण?

नाना_पेठ
परका कोण ते मी सांगतो. परका तो ग्राहक, जो यांच्या नादी लागतो.

एका परदेशी कंपनीची गाडी आहे माझ्याकडे, नाव लिहीत नाही. कंपनी गाशा गुंडाळून गेली. डावा आरसा रिक्षाने उडवला. काच नाही हो, अख्खं बूड. डीलरकडे गेलो तर तिथे बाथरूमच्या टाइल्सचं दुकान. नाना पेठ पालथी घातली. शेवटी कुर्ल्याला भंगारात एका ठोकलेल्या गाडीचा मिळाला, तोही चंदेरी. माझी गाडी लाल. वॉचमन विचारतो, साहेब, मुद्दाम केलंय का? तर भागीदारी करा नाहीतर तलाक घ्या, पण जाताना पार्टचं गोदाम भरून जा.

सांगलीची_स्नुषा
अहो काका, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमच्या सासऱ्यांची फोर्ड आयकॉन अजून सांगली-मिरज करते. पार्ट मिळतात, ओळखीचा मेकॅनिक हवा.

नाना_पेठ
ताई, 'ओळखीचा मेकॅनिक हवा' हीच तर माझी तक्रार. शोरूममधून घेताना कुणी म्हणालं होतं का, सोबत मेकॅनिकही ओळखीचा करून घ्या म्हणून?

उत्तररात्र
आरशाचं दुःख समजलं, पण खापर कुठे फोडायचं ते नीट ठरवा. फोर्ड भारतात परत आली ती महिंद्रालाच घेऊन, १९९५ मध्ये. फोर्डची एस्कॉर्ट गाडी महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात बनायची. १९९८ मध्ये फोर्डने हिस्सा ७२ टक्क्यांवर नेला आणि महिंद्राचं नाव पुसलं. म्हणजे इथली नाडी कळणारा माणूस हाताशी होता, त्यालाच बाजूला सारलं. २०१९ मध्ये पुन्हा महिंद्राच्याच दारात, ५१ टक्के त्यांना देऊन. तो करार २०२० च्या अखेरीस बारगळला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. साणंदचा कारखाना टाटांनी सव्वासातशे कोटींना घेतला. आधीच धरून राहिले असते तर?

नाना_पेठ
तर महिंद्राने पार्ट ठेवले असते, असं म्हणता? भाबडे आहात.

उत्तररात्र
भाबडा मी नाही, कार्यालयात खरेदी विभागात बसतो. इथला भागीदार असला की निदान दार ठोठवायला पत्ता उरतो. बाकी लाल गाडीला चंदेरी आरसा लावणाऱ्याने भाबडेपणावर बोलू नये.

नाना_पेठ
पातळी सोडू नका. आरशावर यायचं नाही.

सांगलीची_स्नुषा
रंगवून घ्या की हो काका! आमच्याकडे गॅरेजवाला दुपारपर्यंत करून देतो.

नाना_पेठ
मेटॅलिक आहे ताई. प्रायमरच्या खालून चमकतो मेला.

पेंटशॉप_शिरूर
नीट घासला नसंल. आणि प्लॅस्टिकला प्रायमर वेगळा लागतो. दुकानात तसं सांगून मागा, बाराशेचा पॉलिश पेपर मारा, मग रंग. परत चमकला तर माझं नाव सांगा.

नोव्हीकर
मंडळी, विषय अमेरिकन कंपन्यांचा होता, आरसा रंगवण्याचा नाही.

शिरूरकर, इंजिनाची गोष्ट झकास, पण ती माझ्याच बाजूची आहे. सुटा माल विका, सुटा माल घ्या, संसार नको. फोर्डने मिशिगनमध्येच मार्शलला बॅटरीचा कारखाना काढला, घोषणा २०२३ ची. कारखाना पूर्ण फोर्डचा, तंत्रज्ञान चीनच्या सीएटीएलचं, परवान्यावर. मला हे चालतं. उलट जीएमने १९९७ मध्ये शांघायला साइकशी संसार थाटला. वीस वर्षं मजा होती, २०१७ मध्ये तिथे चाळीस लाख गाड्या विकल्या. मग चिनी लोक गाडी बनवायला शिकले, जीएमच्या ब्यूइक गाड्यांचं कौतुक संपलं, आणि २०२४ च्या अखेरीस जीएमने तिथल्या व्यवसायापोटी पाच अब्ज डॉलरहून अधिकचा फटका हिशेबात दाखवला. भागीदार तोच, फक्त आता तो स्पर्धक.

उडता गालिचा
अहो, मग चिन्यांनी केलं तेच उलटं करा ना! 'आमच्या बाजारात यायचंय? आमच्या कंपनीबरोबर या, कारखाना इथे काढा, माणसं इथली घ्या, विद्या दाखवा.' त्यांनी हे केलं तर चातुर्य, आणि डेट्रॉइटने केलं तर लाचारी? चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के आयात शुल्क लावलंत २०२४ मध्ये, गाड्यांतल्या चिनी सॉफ्टवेअरवर २०२७ च्या मॉडेलपासून बंदी. भिंत उंच केली की आतला माणूस तगडा होतो असं कुठे लिहिलंय? पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे, युरोपशी कोंबड्यांच्या व्यापारावरून झालेल्या भांडणातून आलेलं. त्याचा परिणाम बघा, डेट्रॉइटवाले पिकअपच्या पलीकडे बघेनासे झाले.

जीएमला तरी आता उपरती झालेली दिसते. ह्युंदाईबरोबर पाच गाड्या करणार असं २०२५ मध्ये जाहीर केलं. जीएमचा तळेगावचा कारखाना घेणारी ह्युंदाईच.

तळेगाव_स्टेशन
तळेगावचं आलंच म्हणून. ह्युंदाईच्या आधी तो कारखाना चीनची ग्रेट वॉल घेणार होती. जानेवारी २०२० मध्ये ठरलं, जूनमध्ये गलवान झालं, परवानगी मिळेचना, २०२२ मध्ये सौदा फिसकटला. ह्युंदाईने २०२३ मध्ये करार केला. मधल्या काळात कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. 'चिनी भागीदार आणा' हे अमेरिकेत बसून म्हणायला सोपं आहे. सीमेवर काही झालं की कारखान्याचं गेट बंद. अमेरिका आणि चीनमध्ये उद्या तैवानवरून जुंपली तर मार्शलचं काय होईल, ते नोव्हीकरांनी सांगावं. परवाना असो की भागीदारी.

नोव्हीकर
हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि गोड उत्तर नाही. कारखाना स्वतःचा असल्याने भिंती तरी आपल्या राहतील. बॅटरीची पुढची पिढी, पुढचं रसायन मात्र मिळणार नाही.

गालिचा, तुमची 'उलटं करा' ही एक गोष्ट ठीक आहे. कारखाना इथे, माणसं इथली, बाहेर पडायचं कलम आधी वाचून, आणि शिकलेलं बाकीच्या कारखान्यांत नेण्याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसावर. एवढं असेल तर करा बापडे.

उडता गालिचा
म्हणजे 'हो'. एवढं लिहून शेवटी 'हो'! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नोव्हीकर
स्क्रीनशॉटमध्ये 'कलम आधी वाचून' हे शब्दही येऊ देत. जीएमच्या वकिलांनी वाचलं नव्हतं, त्याचे दोन अब्ज झाले.