मदत हवी आहे: सीएनजी हॅचबॅकमध्ये अ‍ॅम्प (स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर) कुठे बसवावा?

परभणी_बास: गाडी कंपनी-फिट सीएनजी हॅचबॅक. डिक्कीत टाकी, उरलेल्या जागेत 8 इंची सबचा (बासच्या स्पीकरचा, म्हणजे सबवूफरचा) डबा. चार चॅनेलचा क्लास एबी अ‍ॅम्प घेतलाय, 75 वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद) गुणिले 4, माप 30 बाय 22 सेंमी, उंची 5.5. दुकानदार म्हणतो, डब्यालाच स्क्रू मारून देतो. मागच्या सीटची पाठ किंवा पुढच्या सीटखाली, हेही पर्याय आहेत. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात बंद पडू नये, एवढंच पाहिजे.

तारजोड: डब्यावर अजिबात नको, भाऊ. सबची थरथर सतत बसली की आतल्या मोठ्या कपॅसिटरचे सोल्डरिंगचे जोड तडकतात. आधी खरखर येते, मग चॅनेल जातो.

सीटच्या पाठीला लावणंही मला पटत नाही. बंद डिक्कीत एसीची हवा पोचत नाही आणि सीट दुमडताना वायर प्रत्येक वेळी वाकते. क्लास एबी मोठ्या आवाजात घेतलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपास उष्णतेत घालवतो. ती जायला वाट नसली की अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतो.

पुढची डावी सीट बघा. कोणाला तरी वर बसवा, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा आणि सर्वांत खालच्या स्प्रिंगपासून कार्पेटपर्यंत मोजा. किमान 10 सेंमी जागा हवी: अ‍ॅम्प 5.5, खालची प्लाय व स्पेसर दीड, वर हवेला 3. अ‍ॅम्प उलटा टांगू नका, उष्णता सर्किटकडेच परतते. थेट कार्पेटवरही नको. पावसाळ्यात ओले बूट येतात, एसीची ड्रेन नळी तुंबली तर पाणी तिथंच साचतं.

गेज_चार: सीटखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी असतात, त्या एअरबॅग आणि बेल्टच्या. त्यांना ताण द्यायचा नाही, त्यातून करंट घ्यायचा नाही. सीट काढायचीच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा, आणि कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू करू नका.

भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या तिथूनच जातात, तुमच्या गाडीत गॅसची नळीही. पॉवर केबल त्या नळीला बांधू नका, टाकीच्या ब्रॅकेटला अर्थिंग तर नकोच.

परभणी_बास: मोजलं, 11 सेंमी भरतात. केबल आणि फ्यूज कोणता?

गेज_चार: 300 वॅट बाहेर काढायला हा अ‍ॅम्प पूर्ण जोरात 40 अँपियरच्या आसपास ओढेल. 4 गेजची (गेज म्हणजे तारेची जाडी) शुद्ध तांब्याची केबल घ्या. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम निघतं. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. अ‍ॅम्पवर लिहिलेल्या फ्यूजइतकाच फ्यूज बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत लावा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे रबराची कडी, हवंच, नाहीतर पत्रा केबल कापतो आणि शॉर्ट होते.

तारजोड: अर्थिंग 45 सेंमीच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, दातेरी वॉशर घालून, वरून गंजरोधक लावा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. पॉवर केबल एका बाजूने, आरसीए (स्टिरिओकडून अ‍ॅम्पला सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने. शेवटी गाणं मोठ्यानं चालू ठेवून मल्टिमीटरनं बॅटरीचा आणि अ‍ॅम्पच्या टर्मिनलचा व्होल्टेज बघा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर कुठलातरी जोड ढिला आहे; बहुतेक वेळा अर्थिंगचाच.