आठ जणांच्या टीमला बेल कर्व्ह लावायचा कसा?

प्रश्न (टीमलीड):
वार्षिक रेटिंगसाठी दोन रात्री एकाच एक्सेल शीटपुढे बसले आहे. टीममध्ये आठ जण. दहा निकष, प्रत्येकावर १ ते ५ गुण, मग सरासरी. आकडे असे: ४.२, ४.१, ४.०, ४.०, ३.९, ३.९, ३.८, ३.७. एचआर म्हणतं, नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन (बेल कर्व्ह: बहुतेक जण मध्ये, दोन्ही टोकांना थोडे) धरा, वरचे १० टक्के 'उत्कृष्ट', खालचे १० टक्के 'सुधारणा हवी'. सरासरी ३.९५, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) ०.१६. नॉर्मल आलेखात टोकाचे १० टक्के सरासरीपासून १.२८ विचलनांपलीकडे असतात, म्हणून त्याला १.२८ ने गुणून, सरासरीत मिळवून आणि वजा करून कटऑफ काढले: वर साधारण ४.१६, खाली ३.७४. म्हणजे ३.७ वाली खाली गेली. तिनं वर्षभरात एकही डेडलाइन चुकवलेली नाही. माझं गणित चुकलंय का?

उत्तर (आकडेमोड):
गणित बरोबर आहे. पण तुम्ही फूटपट्टी त्याच आठ जणांवरून बनवलीत आणि मग त्यांनाच मोजलंत. पुढच्या वर्षी सगळ्यांचे गुण अर्ध्या गुणाने वाढले तर कटऑफही तेवढाच वर सरकेल आणि तीच व्यक्ती पुन्हा खाली राहील.

३.७ आणि ३.८ मधलं अंतरही बघा. दहा निकषांपैकी फक्त एकावर ४ ऐवजी ३ पडला की एवढा फरक होतो. एका खुणेवर कुणाची वेतनवाढ अडू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि समजा, संपूर्ण कंपनीत खरोखरच १० टक्के लोक कमी पडतात. तरी सहज निवडलेल्या आठ जणांत तसा एकही नसण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे ४३ टक्के. दोन किंवा जास्त निघण्याची १९ टक्के. प्रत्येक टीममधून एक जण काढा म्हणणं या गणितातच बसत नाही.

उत्तर (जुनी एचआरवाली):
एचआरची बाजूही सांगते. काही मॅनेजर सगळ्यांनाच ५ देतात, म्हणून हा कर्व्ह येतो. अडचण खरी आहे, उपाय चुकीचा. मुलाखतींतून निवडून घेतलेल्या लोकांत डावं, म्हणजे कमी पडणाऱ्यांचं टोक आधीच छाटलेलं असतं. उरलेल्यांचा आलेख घंटेसारखा यावा हा हट्ट कशाला? जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात २०-७०-१० ची (वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के) विभागणी गाजली होती. मायक्रोसॉफ्टने मात्र २०१३ मध्ये सक्तीची क्रमवारी बंद केली. सैल हाताच्या मॅनेजरवर इलाज म्हणजे तीन-चार टीमलीडनी एकत्र बसून पुराव्यासकट गुण तपासणं. कटऑफ वर्षाच्या सुरुवातीला, कामावरून ठरवा: कोणत्या कामाला ३ आणि कोणत्याला ४, ते लिहून.

टीमलीड:
तिचे दहाही निकष पुन्हा काढून बघितले. 'संवाद' समोर ३ आहे. माझी नोंद एवढीच: 'मार्चच्या आढावा बैठकीत काही बोलली नाही.' त्या बैठकीत मी स्वतःच तिला बोलायला वेळ दिला नव्हता, आत्ता आठवलं. बाकीच्या सातांचे ३ कशावरून दिलेत तेही आज तपासते आहे. ४३ टक्क्यांचं गणित जोडून एचआरला मेल लिहिलाय, खालची जागा रिकामी ठेवू द्या म्हणून.