मदत हवी आहे: कड्याखालच्या छोट्या बीचवर पोहायला जायची वेळ कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं (मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि नणंद) एका कड्याखालच्या चिमुकल्या बीचवर पोहायला गेलेलो. बीच म्हणजे काय, तिन्ही बाजूंनी उभे कडे, मधे जेमतेम तीस पावलांची वाळू आणि खाली उतरायला कड्यात खोदलेल्या पायऱ्या. जायच्या आधी लोकांचे अनुभव वाचून काढले आणि तिथेच घोळ झाला. एक जण म्हणतो पाणी अगदी तळ्यासारखं, पोरं मस्त डुंबत होती. दुसरी म्हणते चुकूनही जाऊ नका, लाटा खडकावर आपटतात, आम्ही पायही न भिजवता परतलो. तिसरा म्हणतो तिथे वाळूच नाहीये, फोटो खोटे आहेत. मी आपलं सगळ्याचं सरासरी मत काढलं आणि निघालो.

उतरलो तेव्हा तळंच होतं बरं का, पायाची नखं दिसतील इतकं नितळ. दीड तास मजेत गेला. मग नणंद म्हणाली, वहिनी, आपली बॅग मघाशी पाण्यापासून लांब होती ना? बघते तर फेस पट्ट्याला लागलेला. मागे सरकवली, दहा मिनिटांत परत तेच. तेव्हा कुठे पायऱ्यांकडे लक्ष गेलं. मधे एक खडक पुढे आलेला होता, येताना त्याला वळसा घालून कोरड्या वाळूवरून आलेलो, आता तिथे मांडीभर पाणी आणि लाट आली की कमरेपर्यंत. लेकीला नवऱ्याने खांद्यावर घेतलं, मी खडक धरधरून गेले तर तळहात आणि गुडघा सोलून निघाला, त्या खडकावर बारीक पांढरे टोकदार शिंपले चिकटलेले असतात ना, अगदी किसणी. खालच्या पायरीवर शेवाळ, नणंद घसरून बसलीच. कुणाला फार लागलं नाही, पण लेक वर पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

घरी येऊन भरती-ओहोटीचं टेबल बघितलं (आधी बघायचं असतं, कळलं, शिव्या घाला). आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी होऊन दीड तास झालेला, म्हणजे चढत्या पाण्यात उतरलो, आणि पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले. मग ते अनुभव परत उघडले आणि ज्यांनी तारखा टाकलेल्या त्यांचे दिवस ताडून पाहिले. तळंवाला अष्टमीच्या आसपास गेलेला, वाळूच नाहीवाला पौर्णिमेला. अहो, सगळे खरंच बोलत होते! फक्त कितीला गेलो ते एकानेही लिहिलं नव्हतं.

आता पुढच्या महिन्यात परत जायचा घाट घातलाय, यावेळी भावाची दोन मुलं आणि बाबा (वय ६८, गुडघे कुरकुरतात). ओहोटीच्या किती आधी उतरावं आणि किती वाजता काहीही झालं तरी निघावं? टेबलात लाटांचं काहीच नसतं, ते कसं बघतात? आणि ऊन लागतं म्हणून कड्याच्या सावलीत बसलं तर चालतं का? ज्यांनी अशा जागी पोहून पाहिलंय त्यांनी सांगा, आणि प्लीज वेळेसकट सांगा.

प्रतिसाद १:
ताई, तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच काढलंय. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोज वेळ ५० मिनिटं पुढे सरकते, आज दहाला ओहोटी तर उद्या अकराच्या आत-बाहेर. पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही हे लोकांना ठाऊक नसतं. चढायच्या सहा तासांपैकी पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत कमी. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं आणि तुम्ही नेमक्या त्यातच सापडलात. मी ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरतो आणि ओहोटीची वेळ झाली की टॉवेल गुंडाळायला घेतो, पोरं कितीही भुणभुणली तरी. उधाणाच्या दिवसांत (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) ओहोटीला पाणी समुद्रात खूप आत जातं म्हणून वाळू मोठी दिसते आणि माणूस फसतो, कारण तेवढंच जोरात ते परत येतं. मुलं असतील तर भांगाचे दिवस बघा, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, तेव्हा पाणी कमी चढतं-उतरतं.

लाटांसाठी नुसती उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंद बघा. तेवढ्याच उंचीची १४ सेकंदवाली लाट ८ सेकंदवालीपेक्षा कितीतरी जड असते. आणि पोचल्यावर लगेच उडी नाही, पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं, मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मधे समुद्र शहाण्यासारखा वागतो.

प्रतिसाद २:
सावलीत बसू नका!! कड्याच्या पायथ्याशी बाकीच्या दगडांपेक्षा वेगळ्या ताज्या रंगाचे तुकडे दिसले तर ते हल्लीच वरून आलेत असं समजा. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर चार दिवस जाऊच नका. टोपी घाला, ऊन परवडलं. आणि खाली बहुतेक वेळा फोनला रेंज नसते, वर कुणाला तरी सांगून उतरा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. ते ताज्या रंगाचे तुकडे आम्ही पाहिले होते हो, आतून पिवळसर, लेकीने त्यातला एक खेळायला घरी आणलाय, आत्ता टेबलावर समोरच आहे आणि बघून पोटात गोळा येतोय. भांगाचा दिवस निवडलाय, ओहोटी साडेअकराला, दहाला उतरणार, साडेअकराला बॅगा बंद. आता फक्त बाबांचं सांगा, शेवाळाच्या त्या शेवटच्या तीन पायऱ्यांना कठडा नाहीये, रबरी तळाच्या पाण्यातल्या बुटांनी खरंच पकड मिळते का की त्यांना वरच बसवू? वर बसा म्हटलं तर ते सगळ्यात आधी उतरतील.