जँगो: दादर दोन मार्गांवर येतं, मॉडेलमधलं नातं कसं बांधू?

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी जँगोत (वेबसाइट बांधायची पायथॉनमधली चौकट) छोटं वेब अ‍ॅप लिहितोय. मुंबई लोकलने कुठून कुठे जायचं ते निवडलं की गाडी कुठे बदलायची हे मोठ्या अक्षरांत दिसावं, एवढंच काम. 'मार्ग' आणि 'स्थानक' अशी दोन मॉडेल (डेटाबेसमधली टेबलं) आहेत, स्थानकात मार्गाची फॉरेन की, म्हणजे मार्गाच्या नोंदीकडे बोट दाखवणारं फील्ड. विक्रोळी, भांडुप सगळं सुरळीत. गाडं अडतं दादरला, कारण ते पश्चिमवरही आहे आणि मध्यवरही. दोन नोंदी केल्या तर अ‍ॅपला ती दोन वेगळी स्थानकं वाटतात आणि गाडी बदलायचा पर्यायच निघत नाही. मेनी-टू-मेनी (एका स्थानकाला अनेक मार्ग, एका मार्गाला अनेक स्थानकं) करू का? मग स्थानकांचा क्रम कुठे ठेवायचा? आणि स्थानकाचं नाव हीच प्रायमरी की (नोंदीची एकमेव ओळख) ठेवली तर चालेल?

लालबागची:
मेनी-टू-मेनीच हवं, पण साधं नको. चर्चगेटपासून मोजलंत तर दादर नववं येतं, सीएसएमटीहून धीम्या गाडीने आठवं. म्हणजे क्रम एकट्या स्थानकाचा नाही आणि एकट्या मार्गाचाही नाही, तो दोघांच्या जोडीचा आहे. त्या जोडीसाठी तिसरं मॉडेल करा, 'थांबा' म्हणा हवं तर. त्यात मार्गाची फॉरेन की, स्थानकाची फॉरेन की आणि क्रम. मेनी-टू-मेनी फील्डला 'थ्रू' म्हणून हेच मॉडेल द्या. मार्ग-क्रम आणि मार्ग-स्थानक या दोन्ही जोड्यांवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा येऊ न देणारी अट) लावा. फॉर्ममधल्या तपासणीवर विसंबू नका, डेटा स्क्रिप्टमधूनही आत येतो.

ऑन-डिलीट (फॉरेन की ज्याकडे बोट दाखवते ती नोंद खोडली तर काय करायचं) जँगो २.० पासून सक्तीचं आहे, म्हणून लोक डोळे मिटून सगळीकडे कॅस्केड (सोबतच्या नोंदीही खोड) लिहितात. मला ते पटत नाही. मार्ग खोडला तर त्याचे थांबे जाऊ देत, तिथे कॅस्केड बरोबर. स्थानकाच्या बाजूला प्रोटेक्ट (खोडूच न देणं) ठेवा. अ‍ॅडमिनमधून कोणी दादर खोडायला गेलं तर जँगोने हात धरला पाहिजे.

हार्बरला वडाळ्यापाशी फाटा फुटतो, एक पनवेलकडे, एक गोरेगावकडे. एकाच क्रमात ते बसणार नाही. सीएसएमटी-पनवेल आणि सीएसएमटी-गोरेगाव असे दोन मार्ग धरा. कल्याणच्या पुढे कसारा आणि खोपोलीचंही तसंच.

नाव प्रायमरी की अजिबात नको. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. नाव हीच की असेल तर जँगोत ते बदलून सेव्ह केल्यावर जुनी ओळ तशीच राहते, नवी वेगळी तयार होते, आणि सगळे थांबे जुन्या ओळीलाच चिकटलेले राहतात. आयडी जँगोला ठेवू द्या, नाव साधं फील्ड.

वसई_फास्ट:
वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. ज्येष्ठांसाठी आहे तर फलाटही दाखवा, जिना चढण्याआधी कळायला हवं. 'फलाट' वेगळं मॉडेल, त्यात स्थानकाची फॉरेन की. पूर्वी दादरला पश्चिम आणि मध्य दोन्हीकडे एक नंबर फलाट होता. डिसेंबर २०२३ पासून मध्यचे फलाट ८ ते १४ झाले, त्यामुळे स्थानक-क्रमांक जोडीवर युनिक लावता येतं.

आणखी एक. प्रभादेवी आणि परळ दोन वेगळी स्थानकं, पण पादचारी पुलाने जोडलेली. त्यासाठी स्थानकाचं स्थानकाशीच मेनी-टू-मेनी करा. ते आपोआप दुतर्फी असतं, उलटी नोंद करावी लागत नाही.

मुलुंडकर:
दोघांचे मनापासून आभार. थांबा मॉडेल केलं, दादर आता एकच आहे. पण पश्चिम आणि हार्बर दोन्हींवरची स्थानकं मागितली की यादी रिकामी येते. क्यू (अटी जोडायचं जँगोचं साधन) वापरून दोन्ही अटी एकाच फिल्टरमध्ये 'आणि'ने जोडल्या आहेत.

लालबागची:
एका फिल्टरमधल्या दोन्ही अटी थांब्याच्या एकाच ओळीला लागू होतात, आणि एका ओळीत मार्ग एकच असतो. म्हणून रिकामी. फिल्टर दोनदा साखळीने लावा, आधी पश्चिमचा, मग त्यावर हार्बरचा. जँगो थांबा टेबल दोनदा जोडेल आणि माहीम, वांद्रे, अंधेरी वगैरे मिळतील. यादी दाखवताना प्रीफेच-रिलेटेड (जोडलेल्या नोंदी आधीच एकत्र आणणं) विसरू नका, नाहीतर प्रत्येक स्थानकामागे मार्गांसाठी वेगळी क्वेरी जाईल.