बोट तीन महिने पाण्यातच बांधून ठेवायची आहे: पाणी शिरू नये म्हणून काय बंद करावं, काय उघडं ठेवावं?

प्रश्न

बोट 8 मीटरची, फायबरची. आत डिझेल इंजिन, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला जुन्या पद्धतीची, दोरीच्या पॅकिंगची ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारं सील). तीन महिने खाऱ्या पाण्यात उभी राहील, मध्ये कोणी डोकावणार नाही. आठवडाभर उभी असली की बिल्जमध्ये, म्हणजे तळातल्या खोलगट जागेत, अंदाजे 20 लिटर पाणी साठतं. ऑटोमॅटिक पंप आहे, बॅटरी 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर. किनाऱ्यावरची वीज मिळणार नाही. सगळे सीकॉक (बोटीच्या भोकांवरचे वॉल्व्ह) बंद करून बाकीचं पंपावर सोपवलं तर चालेल का? की आणखी मोठा पंप लावू?

कोरडं_बिल्ज

आठवड्याला 20 लिटर म्हणजे मिनिटाला साधारण 40 थेंब. एवढं पाणी तुमचा पंप काही मिनिटांत फेकेल, त्यासाठी मोठा पंप नको. भीती वेगळीच आहे. पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटीमीटरवरचा 25 मिलिमीटरचा पाइप निसटला, तर मिनिटाला 60 लिटरच्या आसपास पाणी आत येतं. ताशी 3,800 लिटर असं छापलेला पंपही पाणी मीटरभर वर चढवताना त्याच्या निम्मं ते दोन-तृतीयांशच फेकतो. शिवाय तो सुमारे 3 अँपिअर ओढतो. बॅटरी निम्मी वापरायची म्हटलं तर सोळा तासांत खेळ संपला. तेव्हा पाणी आत येतं तिथेच अडवा.

आणि सगळे सीकॉक बंद करू नका. कॉकपिटचं, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीच्या जागेचं, पावसाचं पाणी ज्या सीकॉकमधून बाहेर जातं ते उघडेच राहिले पाहिजेत. 3 चौरस मीटरच्या कॉकपिटवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 300 लिटर, म्हणजे 300 किलो पाणी. ते तुंबलं की मागची बाजू दबते आणि एरवी पाण्याच्या वर असणारी भोकं पाण्याखाली जातात. कितीतरी बोटी तळ फुटून नाही, अशा पावसाच्या पाण्याने बुडतात. निचऱ्याच्या तोंडात पानं अडकू नयेत म्हणून कॉकपिटवर मध्ये आडवा दांडा देऊन उतार असलेलं कव्हर घाला.

इंजिन, बेसिन, टॉयलेट यांचे सगळे सीकॉक बंद. बंद केल्यावर तो खरंच बंद झालाय का हे आतला पाइप काढून पाहा. भोक बुजवायला लाकडी गुल्ली हाताशी ठेवूनच. गोल चाकाच्या वॉल्व्हवर विशेष लक्ष द्या. आत कचरा अडकला तरी चाक घट्ट लागतं आणि वॉल्व्ह बंद झाल्यासारखा वाटतो. पितळी वॉल्व्ह चाकूच्या टोकाने थोडा खरवडा. पिवळा दिसला तर ठीक. गुलाबीसर दिसला तर त्यातलं जस्त निघून गेलंय, एका धक्क्यात तुटेल. दुरुस्तीच्या भानगडीत न पडता बदला.

जे सीकॉक उघडे ठेवाल, त्यांच्या पाइपांवर आणि पाइप आवळून धरणाऱ्या क्लिपांवर सगळा भरवसा आहे. क्लिपचा पट्टा वरून चकचकीत असतो, गंज स्क्रूच्या घरात लपतो. म्हणून प्रत्येक क्लिप थोडी सैल करून पुन्हा आवळा. कुजलेली असेल तर तिथेच तुटेल, आणि ती तुमच्यासमोर तुटलेलीच बरी. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना. मात्र पाइप ज्या नळीवर चढवलाय ती आखूड असेल तर दुसरी क्लिप नळीच्या बाहेर पडते आणि रबर कापते. तिथे एकच लावा.

शाफ्टवाला

आधी पाणी ग्लँडमधूनच येतंय ना, याची खात्री करा. बिल्ज फडक्याने पूर्ण कोरडं करा आणि ग्लँडखाली, सुकाणूच्या दांड्याखाली, प्रत्येक सीकॉकखाली कोरडा टिश्यू ठेवा. दोन तासांत कळेल. पाणी गोडं असेल तर ते डेकवरून झिरपतंय किंवा टाकीतून गळतंय.

ग्लँड असेल तर लॉकनट सैल करा आणि मुख्य नट एका वेळी आठवा हिस्सा फिरवून आवळा, मग थांबून थेंब मोजा. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब हवेतच, पॅकिंगला त्यानेच गारवा मिळतो. उभ्या बोटीत मात्र ती कोरडी असायला हवी. आवळूनही थांबत नसेल तर पॅकिंग कडक झालंय. बोट वर काढून बदला. दोरी मळसूत्रासारखी गुंडाळू नका. शाफ्टभोवती धरून एकेक कडं वेगळं कापा, तीन किंवा चार कडी, आणि प्रत्येकाचा सांधा आधीच्यापासून 120 अंशांवर.

परत आल्यावर इंजिन चालू करण्याआधी नट सैल करायचाच, नाहीतर शाफ्ट तापून त्यावर चरे पडतील.

तारांचा_गुंता

पंप बदलू नका, पण त्याची जोडणी तपासा. फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा) मेन स्विच टाळून थेट बॅटरीला हवा, स्वतंत्र फ्यूज लावून. फ्यूजचा आकडा पंपावर छापलेला असतो. मेन स्विच बंद केला की पंपही बंद, अशी जोडणी सर्रास सापडते. स्विच बोटाने उचलून तपासू नका. बादलीने पाणी ओता आणि पंप आपोआप सुरू होऊन आपोआप थांबतो का ते पाहा. बाहेर जाणारा पाइप आतून गुळगुळीत असावा आणि बाहेर पडण्याआधी पाण्याच्या पातळीच्या बराच वर वळसा घेऊन यावा, नाहीतर बोट कलली की सायफन होऊन बाहेरचं पाणी आत. 20 वॅटचं सोलर पॅनेल कंट्रोलरसह लावलंत तर चांगल्या उन्हात दिवसाला 5 अँपिअर-अवरच्या आसपास मिळतील.

प्रश्नकर्ता

टिश्यू फक्त ग्लँडखालचा भिजला. मिनिटाला 38 थेंब होते, नट पाव फेरा आवळल्यावर 2 झाले. कॉकपिट निचऱ्याची एक क्लिप स्क्रूड्रायव्हर लावताच तुटली, पट्टा वरून नवा दिसत होता!

कोरडं_बिल्ज

दोन थेंब म्हणजे तीन महिन्यांत 13 लिटर. चालेल, अजून आवळू नका. क्लिपा घेताना स्क्रूला लोहचुंबक लावून पाहा. पुष्कळदा पट्टा चांगल्या स्टेनलेसचा असतो आणि स्क्रू हलक्या धातूचा, तोच आधी गंजतो. चुंबक घट्ट चिकटला तर परत द्या. दोन्ही 316 ग्रेडचे हवेत. आणि इंजिनची किल्ली इंजिनच्या बंद सीकॉकच्या हँडललाच बांधा, सोबत ‘ग्लँड सैल करा’ अशी चिठ्ठी.