ट्रॉलीची मागची जाळी लटकती का असते? (आणि माझीच ट्रॉली कायम डावीकडे का पळते)

निवांत_नऱ्या:
मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे पण विचारतोच. रविवारी महिन्याचं सामान भरायला घराजवळच्या सुपरमार्केटात गेलो, बायको पुढे यादी घेऊन आणि मी मागे ट्रॉली ढकलत, तर ती बया सरळ जाईचना, दहा किलो आटा टाकल्यावर तर एक चाक नुसतं फडफडायला लागलं. मग बिलाच्या लायनीत अर्धा तास दुसरं काय करणार, ट्रॉलीच बघत बसलो. मागची जाळी वरती बिजागरीला लटकवलेली, खालून सुटी. पुढे निमुळती. हे पहिल्यापासून असंच आहे का? मोबाइल बदलले, टीव्ही बदलले, ट्रॉली मात्र मला लहानपणापासून तीच दिसतेय. कोणी काढली ही?

जुना_पेठकर:
तीच कुठली, पहिली ट्रॉली दाखवली तर तुला घडीची खुर्ची वाटेल, आणि ती निघाली पण खुर्चीवरूनच. १९३७ साल, अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी, तिथे सिल्व्हन गोल्डमन म्हणून एकाची हम्प्टी डम्प्टी नावाची दुकानं होती. गिऱ्हाईक हातात टोपली घेऊन फिरायचं आणि टोपली जड झाली की खरेदी बंद, हे त्याला खुपत होतं. ऑफिसातली घडीची खुर्ची बघून त्याला सुचलं की बसायच्या जागी एक टोपली, खाली अजून एक, आणि पायांना चाकं. फ्रेड यंग म्हणून त्याचा मेकॅनिक होता, त्याच्यासोबत बसून बनवली. टोपल्या सुट्या आणि सांगाडा घडी होणारा, म्हणजे काम झालं की सांगाडे भिंतीला लावून ठेवायचे आणि टोपल्या एकात एक रचायच्या.
आता गंमत म्हणजे कोणी हात लावेना! तरण्या पोरांना वाटलं लोक म्हणतील याला एक टोपली उचलवत नाही, बायका म्हणाल्या आयुष्यभर बाबागाडी ढकलली ती कमी होती का, आणि म्हाताऱ्यांना आपण थकलोय हे चारचौघांत दाखवायचं नव्हतं. शेवटी त्याने पगारी माणसं आणली, बायका पुरुष सगळ्या वयाचे, आणि त्यांना दुकानात ट्रॉल्या घेऊन खरेदीचं नाटक करत फिरवलं. ते बघून बाकीच्यांनी घेतल्या.
आपल्याकडे वाण्याला यादी दिली की तो आतून काढून द्यायचा, ट्रॉली लागतेच कशाला. तिकडे पण आधी तसंच होतं, १९१६ ला मेम्फिसमध्ये पिगली विगली नावाचं दुकान निघालं, तिथे स्वतःच फळीवरून माल उचलायचा, टोपलीची कटकट तिथून पुढची.

भोसरी_फिटर:
पेठकर काका, इतिहास झकास, पण नऱ्याने जाळीचं विचारलंय ते राहिलंच की 😄
ती जाळी म्हणजेच सगळी अक्कल आहे. घडीच्या ट्रॉलीत वैताग असा की दर वेळी टोपल्या काढा, सांगाडा मिटा, परत उघडा. १९४६ ला कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने मागची बाजूच झुलती केली. मागची ट्रॉली ढकलली की तिचं निमुळतं नाक पुढचीची जाळी वर उचलतं आणि आत घुसतं, काही मिटायला नको, सुटं करायला नको. म्हणून पुढून अरुंद आणि मागून रुंद. पेटंट मिळालं १९४९ ला, मध्ये गोल्डमनने पण तसलीच बनवली आणि दोघांचं वाजलं, मग समझोता झाला, पेटंट वॉटसनचं राहिलं आणि गोल्डमनला बनवायचं लायसन मिळालं. पोर बसवायची सीट पण त्याच सुमाराला आली.
आता तुझं चाक. कॅस्टरमध्ये, म्हणजे ट्रॉलीच्या त्या गरगर वळणाऱ्या चाकात, चाकाचा आस पिव्होटच्या (ज्या उभ्या खिळीवर चाक वळतं तिच्या) थोडा मागे असतो म्हणून चाक आपोआप जायच्या दिशेला वळतं. पिव्होट ढिला झाला नाहीतर रबर एका जागी झिजून सपाट झालं की फडफड सुरू. आणि खाली वाकून बघ, नव्वद टक्के वेळा आसाला केस, सुतळी नाहीतर गोणीची पट्टी गुंडाळलेली सापडेल.

लेस्टरची_माई:
अहो फिटर, पण आमच्याकडे इंग्लंडात चारही चाकं फिरती असतात, अमेरिकेत म्हणे मागची दोन फिक्स. चार फिरतीवाली अरुंद गल्लीत आडवी सरकते हे छान, पण उतारावर भरलेली ट्रॉली धरून दाखवा, मी एकदा पार्किंगमध्ये तिच्यासोबत शेजारच्या गाडीपर्यंत गेलेय, बटाटे सगळे रस्त्यावर.
आणि इथे बऱ्याच ठिकाणी पाऊंडाचं नाणं घातल्याशिवाय ट्रॉली साखळीतून सुटत नाही, परत जागेवर नेऊन साखळीची किल्ली खुपसली की नाणं बाहेर. २०१७ ला सरकारने बारा कोनांचं नवीन नाणं काढलं तर देशभर ट्रॉल्यांची कुलपं बदलावी लागली, काय तो गोंधळ.

निवांत_नऱ्या:
माई 😂 फिटरदादा, आज परत जाऊन वाकून बघितलं, सुतळीच होती. काढत होतो तर सिक्युरिटीवाला आला, काय चाललंय म्हणाला. अजून एक, आमच्या इथल्या मॉलात सरकत्या उतारावर ट्रॉली आपोआप चिकटून उभी राहते, ते काय मॅग्नेट असतं का?

भोसरी_फिटर:
बरेच जण तसंच समजतात, पण साधारण काम खाचांचं असतं. चाकाला खाचा असतात, त्या पट्ट्याच्या खाचांत बसल्या की चाक जरा खाली उतरतं आणि ब्रेकचं रबर पट्ट्यावर टेकतं. वर पोचलास की तिथला कंगवा चाक उचलून देतो. तेवढ्या वेळात लोक घाबरून ढकलत बसतात, ढकलू नको, तिची ती निघते.